मध्यम, गंधक नसलेली

पुएर्तो माँतच्या दुकानात म्हाताऱ्या एलादिओनं
फळीवर तीन वड्या मांडल्या : मऊ, मध्यम, कडक.
म्हणाला, दाबून बघ. अंगठ्याला विचार, मला नको.

मऊ होती ती लगेच हो म्हणाली.
असल्या मातीचा मला भरवसा नाही,
दिवा जरा जवळ आला की हनुवटी गळ्यात उतरते.
कडक होती तिच्यात नखही शिरेना.
तिच्यात पापणीची कड सुरेख निघते,
पण आधी तासभर शेकत, मनधरणी करत बसायचं.

मी मध्यम घेतली. बारा किलो.
राखाडी, कारण राखाडीवर सावली खरं बोलते.
आणि गंधक नसलेली.

गंधकाचं मी एकदा भोगलंय.
शाळामास्तरांचं डोकं, चार महिन्यांचं काम,
वर सिलिकॉन ओतलं, रात्रभर थांबले,
सकाळी सोललं तर आत सगळं कच्चं,
न आलेल्या पाकासारखं चिकट.
मास्तर निम्मे साच्याला, निम्मे माझ्या कोपरांना.
त्यांच्या मुलीला काय सांगितलं ते इथे सांगत नाही.

पाण्याची का नाही नेत? एलादिओ म्हणाला. स्वस्त आहे.
स्वस्त आहे, हातालाही गोड आहे.
पण आमच्या बेटावर घरात ऊब एकच, स्वयंपाकघरातली चूल.
जवळ ठेवली तर कान तडकतात,
लांब ठेवली तर रात्री गारठून पोपडे धरते.
रोज संध्याकाळी ओलं फडकं गुंडाळायचं, तापकऱ्यासारखं,
आणि एक दिवस विसरलं
की चेहरा आकसून स्वतःतच मागे सरतो.

आणि हा चेहरा घाईनं होणारा नव्हता.
नॉल्बेर्तो कार्कामोचा एकही फोटो नाही.
एक होता, ओळखपत्रावर. ओळखपत्र खिशात,
खिसा समुद्रात.
कोळ्यांच्या संघानं धक्क्यावर बसवायला अर्धपुतळा सांगितला,
आणि फोटोऐवजी त्याची बायको पाठवली.

एदुविहेस दर रविवारी येते.
चुलीच्या कठड्यावर मी मातीचे तुकडे शेकत ठेवते,
शेजारी ती आणलेले बटाट्याचे मिल्काओ ठेवते.
एकदा बोलण्याच्या नादात मी,
असो. दिवसभर दात तेलकट होते.

ती डोळे मिटते आणि हवेत हात फिरवते.
नाक असं. इथे मोडलेलं, दोराचा फटका बसला होता.
मी दाबते.
ती डोळे उघडते : हा त्याचा भाऊ झाला.
मी खरवडते.
खरवडलेली माती वाया जात नाही,
गोळी करून पुन्हा तिथेच लावते.
म्हणजे त्याच्या आत्ताच्या गालात
आजवर चुकलेल्या सगळ्या नवऱ्यांचे गाल आहेत.

वर्ष गेलं. संघाचे दोन निरोप आले,
मग सेक्रेटरी स्वतः आला, टोपी हातात घेऊन एक फेरी मारली,
म्हणाला, झालाय की. अगदी नॉल्बेर्तो.
एदुविहेस चुलीत लाकूड सारत राहिली.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं,
ही वाळणार कधी?
ही वाळत नाही, मी म्हणाले. माझ्यामागेही अशीच राहील.
ती उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हात लावला.
डोळ्याच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखानं
एक रेघ ओढली. मग तिच्याखाली दुसरी.
अकरा वर्षं झाली, म्हणाली,
मी एकटीनंच का म्हातारं व्हायचं?

ब्राँझचे पैसे संघाकडे पडून आहेत.
सिलिकॉनच्या डब्याचं झाकण मी उघडलेलं नाही.
धक्क्यावरच्या चौथऱ्यावर पोरं गळ टाकून बसतात.

या हिवाळ्यात तिनं कपाळावरचे केस थोडे मागे न्यायला सांगितले.
मी तारेनं सोलले, चिमूटभर निघाले.
गोळी करायला हात पुढे केला
तर ती तिनं आधीच उचलली होती.

बसथांब्यापर्यंत सोडायला गेले.
खिडकीतून तिनं एकच हात हलवला.
दुसरा कोटाच्या खिशात होता, आत काहीतरी मळत.